चूल, घर आणि कुटुंब

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात 'कुटुंबसंस्था' हे प्रकरण सुरू झाले, की विद्यार्थी जरा सैल बसतात. स्तरीकरण, नागरीकरण, सामाजिक गतिशीलता हे शब्द त्यांना परके वाटतात, म्हणून ते निदान लिहून तरी घेतात. कुटुंब मात्र ज्याच्या त्याच्या घरी असते. त्यात शिकण्यासारखे ते काय, असा भाव चेहऱ्यांवर दिसतो. गेली अनेक वर्षे हा विषय शिकवताना मला नेमके उलट वाटत आले आहे. अभ्यासक्रमातले सर्वांत अवघड प्रकरण हेच. जे रोज डोळ्यांसमोर आहे त्याच्याकडे चार पावले मागे सरून पाहणे कठीण असते, आणि त्यातून आपली भाषा त्या गोंधळात भर घालीत असते.

हे शब्दच पाहा ना. घर म्हणजे भिंती आणि छप्पर. पण 'घरच्यांना विचारून सांगतो' असे म्हणताना घर म्हणजे माणसे. कुटुंब ह्या शब्दाचा तर मागच्या पिढीत अर्थच निराळा होता. 'कुटुंब माहेरी गेले आहे' असे एखादे गृहस्थ म्हणाले, तर त्यांची पत्नी माहेरी गेली आहे एवढेच समजावयाचे. मंडळी ह्या शब्दाचीही तीच गत. शहरात भाड्याची खोली घेऊन राहिले की ते बिऱ्हाड. ते पाठीवर टाकून हिंडता येते. माणसे पुष्कळ असली की खटले. चुलत-चुलत भावांपर्यंत पसरली की भावकी. आणि भाऊ वेगळे झाले, तर 'घर वेगळे झाले' असे आपण सहसा म्हणत नाही; 'चूल वेगळी झाली' असे म्हणतो. समाजशास्त्रज्ञांनी पुढे पुष्कळ चर्चा करून जो भेद मांडला, तो ह्या शेवटच्या वाक्प्रयोगात अगोदरच बसलेला आहे. एका छपराखाली दोन घरे असू शकतात, आणि ती मोजावयाची तर चुली मोजाव्या लागतात.

हा भेद असा. एकत्र राहणारी, एका चुलीवरचे खाणारी माणसे हा एक गट. त्याला ह्या लेखापुरते आपण 'घर' म्हणू. रक्ताने किंवा लग्नाने बांधलेली, एकमेकांच्या मालमत्तेवर हक्क असणारी आणि एकमेकांसाठी काही कर्तव्ये मानणारी माणसे हा दुसरा गट. त्याला 'कुटुंब' म्हणू. पुष्कळदा दोन्ही गटांत तीच माणसे असतात आणि म्हणून आपली फसगत होते. एखाद्या भावकीत चुली वेगळ्या होऊन पन्नास वर्षे झालेली असतात, दोन भावांचे वंशज एकमेकांशी बोलतही नसतात. पण एका बाजूला माणूस दगावले की दुसऱ्या बाजूला दहा दिवसांचे सुतक येतेच. तेथे घर संपलेले असते, कुटुंब नव्हे.

जनगणना मोजते ते घर. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले अन्न खातात त्यांचा एक गट, अशी तिची व्याख्या आहे. नात्याची अट तिच्यात नाही. (मराठी तक्त्यात मात्र ह्या गटाला 'कुटुंब' असेच म्हटलेले असते, हा आणखी एक घोटाळा.) घरात राहून जेवणारा सालगडी ह्या हिशेबाने घरात मोडतो, दुसऱ्या गावी नोकरीला असलेला आणि पगार घरी पाठवणारा सख्खा मुलगा मोडत नाही. २०११ साली ह्या रीतीने देशातील १२१ कोटी लोकांची सुमारे २४ कोटी ६७ लाख घरे मोजली गेली. म्हणजे दर घरी पाचाहून किंचित कमी माणसे. हा आकडा वर्तमानपत्रांतून आला की 'एकत्र कुटुंबे मोडली' असा मथळा ठरलेला. वास्तविक ह्या आकड्यावरून तसे काहीच सिद्ध होत नाही. चूल किती जणांची आहे एवढेच त्यातून कळते. कुटुंब किती जणांचे आहे, हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

पूर्वी सगळे एकत्र होते आणि आता सगळे विभक्त झाले, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की तिच्यावर शंका घेणारा माणूस आगाऊ ठरतो. ही समजूत आली कोठून? काही अंशी ती धर्मशास्त्रांच्या ग्रंथांतून आली आणि काही अंशी इंग्रजी अमदानीतल्या कायदेपंडितांकडून. सर हेन्री मेन ह्यांचा प्राचीन कायद्यावरील ग्रंथ १८६१ साली निघाला. हिंदूंचे अविभक्त कुटुंब हा मानवी समाजाच्या बाल्यावस्थेचा जिवंत अवशेष आहे, अशा दृष्टीने त्यांनी त्याकडे पाहिले. न्यायालयांना वारसाहक्काचे तंटे सोडवावयाचे होते. त्यांना कुटुंब दिसले ते मालमत्तेच्या खिडकीतून. मालमत्ता अविभक्त, म्हणून माणसेही एका छपराखाली, असे गृहीत धरले गेले आणि मग ते पाठ्यपुस्तकांत उतरले.

गुजरातेतील दोन अभ्यासकांनी ह्या समजुतीला चांगलाच धक्का दिला. आय. पी. देसाई ह्यांनी सौराष्ट्रातील महुवा ह्या गावी कुटुंबांची पाहणी केली. त्यांचे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी नुसती चूल पाहिली नाही. मालमत्ता कोणाची सामायिक आहे, अडीअडचणीला कोण कोणाला पैसे देतो, लग्नकार्य कोणाच्या विचाराने ठरते, हेही विचारले. राहणीने विभक्त दिसणारी पुष्कळ घरे ह्या बाबतींत एकमेकांशी जोडलेलीच निघाली. ए. एम. शहा ह्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. खेडा जिल्ह्यातील राधवाणज ह्या गावची १८२५ सालची घरवार नोंद त्यांना मिळाली. रेल्वे आली नव्हती, गिरण्या निघाल्या नव्हत्या, इंग्रजी शिक्षणाचे वारे नव्हते. म्हणजे कुटुंब मोडणारी जी कारणे आपण सांगतो त्यांतले एकही तेथे पोहोचले नव्हते. तरीही त्या गावातली बहुसंख्य घरे लहानच होती. शहांचा १९७३ सालचा ग्रंथ घर आणि कुटुंब ह्यांतील भेदावरच उभा आहे आणि आमच्या विषयाच्या विद्यार्थ्याने तो चुकवू नये. योगायोग असा, की ह्याच सुमारास इंग्लंडात पीटर लॅस्लेट आणि त्यांचे सहकारी जुन्या गावयाद्या चाळीत होते. सोळाव्या शतकापासून पुढे तीनशे वर्षे इंग्लंडातील सरासरी घर पावणेपाच माणसांच्या आसपासच राहिले, असे त्यांना आढळले. कारखानदारीने मोठे घर फोडले ही कथा जेथे कारखानदारी जन्मली तेथेही खरी ठरली नाही.

घरे लहान होती ह्यामागे फार गूढ कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आतबाहेर होते. बालमृत्यूंमुळे ते इतके खाली दिसते हे खरे. तरीपण आजोबा, मुलगा आणि नातू एका पंक्तीला बसण्याचा योग आजच्यापेक्षा दुर्मिळ होता ह्यात शंका नाही. चार मुलगे जगून-वाचून मोठे होणार, बाप तोवर राहणार, मग चारही सुना येणार, असे मोठे खटले सुखवस्तू घराण्यांतच जमायचे. त्यांचेच वाडे शिल्लक राहिले, त्यांच्याच आठवणी लिहिल्या गेल्या. कुळवाड्याच्या दोन खणी घराची आठवण लिहिणार कोण?

दुसरी गोष्ट अशी, की घर ही स्थिर वस्तूच नव्हे. एका शेतकऱ्याचे लग्न होते, मुले होतात; घर विभक्त. थोरल्याची सून आली, घर एकत्र. धाकट्याचे लग्न झाले, आणखी एकत्र. बाप गेला, दोन वर्षांत चुली वेगळ्या, पुन्हा विभक्त. पाहणी करणारा ह्या आळीत एका दिवशी जातो आणि चार घरांत चार प्रकारची कुटुंबे आढळली असे लिहून आणतो. वस्तुतः ते एकाच प्रवासातले चार मुक्काम असतात.

आपल्याकडे ह्या विषयाचा पाया इरावती कर्वे ह्यांनी घातला. डेक्कन कॉलेजातून १९५३ साली निघालेल्या त्यांच्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत त्या आजही वर्गात सांगितल्या जातात: एक छप्पर, एक चूल, सामायिक मालमत्ता, एक देवपूजा आणि विशिष्ट नाते. मी ह्या पाच खुणांकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास शिकवते. ह्या पाच गाठी आहेत आणि त्या एका दिवशी सुटत नाहीत. बहुधा चूल पहिल्यांदा सुटते. मग छप्पर, कधी मधे भिंत घालून, कधी मळ्यात नवे घर बांधून. जमीन त्यानंतर, आणि कागदावर तर कितीतरी नंतर. देव सर्वांत शेवटी. टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकट्याची सून नवरात्रात घट बसवायला, नाही तर निदान नैवेद्य घेऊन, थोरल्या घरी येते. त्या वर्षी तीही आली नाही म्हणजे गाव समजते काय ते. तेव्हा 'हे कुटुंब एकत्र की विभक्त?' असा प्रश्न विचारण्यापेक्षा 'ह्यातल्या किती गाठी अजून बसलेल्या आहेत?' असे विचारले, तर खेड्यातला माणूस नीट उत्तर देतो.

माझ्याच घरचे उदाहरण देते, कारण त्याची कागदपत्रे मी पाहिलेली आहेत. माझे वडील मुंबईला कापडगिरणीत बावीस वर्षे होते. आम्ही सातारा जिल्ह्यात, गावी: आजी, थोरले काका-काकू, आई, धाकटे काका आणि आम्ही पोरे. वडील परळला गावकीच्या खोलीत राहत. तीस-बत्तीस माणसांच्या ट्रंका भिंतीकडेला, आणि पाळी असेल तसे झोपणे. जेवण एका बाईंच्या खानावळीत. दर महिन्याला मनिऑर्डर येई. यात्रेला आणि दिवाळीला ते स्वतः येत आणि जाताना तांदूळ, चटणी, घेवडा बांधून नेत. १९८१ च्या जनगणनेत वडिलांची नोंद मुंबईत, बिननात्याच्या पुरुषांच्या घरात झाली असणार. आईची नोंद गावी, एका एकत्र घरात, जिथे तिचा नवरा नाही. आमचे घर नेमके कोणते होते? माझ्या मते ते एकच होते आणि त्याला दोन चुली होत्या. त्यांच्यामध्ये दोनशे मैलांचे अंतर होते एवढेच.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स ह्यांचे म्हणणे असे, की औद्योगिक समाजाला लहान, सुटे कुटुंबच मानवते. कामगाराला जिथे काम तिथे जावे लागते आणि आप्तांचे लटांबर बरोबर नेता येत नाही. तर्क सरळ आहे. पण मुंबईच्या गिरण्या पाऊणशे-शंभर वर्षे चालल्या त्या गावाकडच्या एकत्र घरांच्या आधारावर. बाळंतपण गावी, आजारपण गावी, म्हातारपण गावी, संप झाला की पोट भरायला गावी. गिरणीच्या पगारात एका माणसाची खानावळ आणि थोडी मनिऑर्डर बसे. कुटुंब पोसण्याचा उरलेला खर्च कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतांनी उचलला. उद्योगाने एकत्र घर मोडले नाही, त्याचा वापर करून घेतला असे म्हणावयास हरकत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना पुन्हा आत जाता आले नाही. वडील परत आले. पाठ्यपुस्तकातल्या चित्राप्रमाणे आमचे कुटुंब त्या वर्षी प्रथमच पूर्ण झाले: आईवडील आणि मुले, एका छपराखाली. आणि दोन वर्षांत चूल वेगळी झाली.

त्या वाटणीत जे घडले त्यावरून मला पुस्तकांपेक्षा अधिक कळले. सातबारावर थोरल्या काकांचे नाव होते आणि पुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या उताऱ्यांवर ही अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. त्या तीन अक्षरांच्या पोटात सगळे भाऊ असतात, पण नावानिशी नसतात. विहीर, बैलजोडी, मागाहून घेतलेले दीड एकर ह्यांत मनिऑर्डरींचा पैसा किती, ह्याची नोंद कोठेच नव्हती. आजीने मनिऑर्डरींच्या पोचपावत्या एका कापडी पिशवीत जपून ठेवल्या होत्या. तलाठ्याला त्या पिशवीचा उपयोग नव्हता. काकांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. उन्हातान्हात जमीन त्यांनी कसली होती आणि त्यांच्या बाजूने त्यांचे खरे होते. शेवटी पाहुणे-पंच बसले, तीन वाटण्या झाल्या. आजीची वाटणी चार-चार महिने अशी झाली. पंचांसमोर जमिनीनंतर आणि भांड्यांच्या अगोदर तिचा विषय निघाला, असे आई सांगते.

पाळीने राहणारी म्हातारी माणसे आज प्रत्येक गावात आहेत. कायद्याने २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, आणि ती टाकावी लागली ह्यातच सर्व आले. आमच्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा असा, की पाळीतली म्हातारी कोणत्या घरची? मोजणी ज्या महिन्यात होईल त्या महिन्याच्या घरची. तिचे स्वतःचे मत विचारले तर ती चौथेच सांगते. तिचे घर नवऱ्याच्या वेळचे, जे आता नाही.

घर आणि काम ह्यांचा संबंध पाहावयाचा असेल तर ऊसतोडीकडे पाहावे. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकट्या पुरुषाचा अर्धा कोयता. येथे विवाह हीच मजुरीची अट झाली आहे. मुलाचे लग्न झाले की एक कोयता वाढतो, म्हणून लग्ने लवकर होतात. आणि मुलीला मागे एकटी ठेवण्याची भीती, म्हणून तिचेही लवकर होते. कोवळ्या वयातील विवाहांची कारणे रूढीत शोधणारे लेख आपण वाचतो. उचलीच्या हिशेबात ती अधिक स्पष्ट दिसतात. हंगाम फाल्गुन-चैत्रापर्यंत. गावी उरतात म्हातारे आणि शाळेत जाणारी पोरे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत झाली. ह्या सर्व काळात जो घरापासून दूर असेल त्याला जेथे सापडेल तेथे मोजावयाचे, असा नियम. म्हणजे ऐन हंगामात. उसाच्या फडालगतची कोप हे त्यांचे घर झाले आणि गावी आजी-नातवंडांचे एक 'घर' वेगळे मोजले गेले. २०२१ ची गणना महामारीमुळे लांबली. पुढची ज्या महिन्यात होईल त्या महिन्यात ही माणसे कोठे असतील, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पाश्चात्त्य सिद्धांतांपैकी जॉर्ज मर्डॉक ह्यांचा उल्लेख परीक्षेत हमखास येतो. अडीचशे समाजांची माहिती तपासून त्यांनी १९४९ साली असे मांडले, की पति-पत्नी आणि मुले हा गाभा सर्वत्र आढळतो. ह्यावर मलबारातल्या नायर समाजाचे उदाहरण आपल्याच देशातले. तेथील तरवाडात आई, तिची भावंडे, मुली आणि मुलींची मुले राहत. कारभार मामाच्या हाती. नवरा रात्री येई आणि सकाळी स्वतःच्या आईच्या घरी जाई. मूल आईच्या घरचे. कायद्यांनी ही व्यवस्था हळूहळू सैल केली आणि १९७५ च्या केरळच्या कायद्याने अविभक्त कुटुंबपद्धतीच मोडीत काढली. इतके झाले तरी 'नैसर्गिक' कुटुंब म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना नायर आजीची आठवण ठेवावी.

आतापर्यंत मी घराची बाहेरची रेघ कोठे काढावी ह्याबद्दलच बोलले. रेघेच्या आत काय चालते? अर्थशास्त्राच्या पुस्तकात घर हे एकाच मताचे, एकाच खिशाचे असते. अमर्त्य सेन ह्यांनी दाखवले, की घरात सहकार्य असते आणि त्याच वेळी हितसंबंधांची ओढाताणही. ज्याच्या कमाईकडे 'कमाई' म्हणून पाहिले जाते त्याचे पारडे जड. ब्रिटनमधील ॲन ओकली ह्यांनी १९७४ साली घरकामाकडे एक व्यवसाय म्हणून पाहिले. कामाचे तास, एकसुरीपणा, एकटेपणा ह्यांची कारखान्यातल्या कामाप्रमाणे चौकशी केली. त्या वेळी पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले. आपल्या सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे निघाले. ह्यात 'करणारे' हा शब्द महत्त्वाचा. स्त्रियांत करणाऱ्या शंभरात एक्याऐंशी, पुरुषांत सव्वीस. ह्या पाच तासांना जनगणनेच्या तक्त्यात काम म्हणत नाहीत. मी वर्गात मुलांना एक साधी गोष्ट करावयास सांगते: आठवडाभर घरात कोण कोणत्या क्रमाने जेवले आणि शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला काय उरले, ते वहीत लिहा. मुले पहिल्या दोन दिवसांनंतर लिहिणे सोडतात. मुली आठवडा पुरा करतात.

कुटुंबातून स्त्रीला बाहेर काढण्याची आपली रीत मोठी सोज्वळ आहे. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तिला मुलाप्रमाणे जन्मानेच सहहिस्सेदार केले. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. कायदा इतका पुढे आला आणि तालुक्याच्या कचेरीत हक्कसोडपत्रांची संख्या काही कमी झालेली दिसत नाही. बहीण भाऊबीजेला येते, साडी घेते, दुसऱ्या दिवशी सही करते. कोणी तिच्यावर बळजबरी करीत नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढे तिला ठाऊक असते. आणि उद्या सासरी काही बरेवाईट झाले, तर पाय ठेवायला तेवढीच एक जागा असते.

ते बरेवाईट झालेल्या बायकाही आहेत. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी होती. बाहेरच्याला ही मागणी किरकोळ वाटेल. पण कार्डावर नाव नवऱ्याच्या घरी, बाई भावाच्या दारी. म्हणजे तिच्या वाट्याचे धान्य तिला टाकलेल्या माणसाकडे जाई. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरवले. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या विद्यार्थ्यांनी एका गावात घरवार पाहणी केली, तेव्हा मी त्यांना 'घरात माणसे किती?' हा प्रश्न विचारूच नका असे बजावले होते. काल रात्री ह्या चुलीवरचे कोण जेवले, कार्डावर नावे कोणाची, उताऱ्यावर कोणाची, पैसा कोठून येतो, सुतक कोणाचे धरता, असे वेगवेगळे विचारावयाचे. पाच उत्तरांत पाच याद्या आल्या. फार थोड्या घरी त्या जुळल्या.

त्याच गावचा एक विद्यार्थी आमच्यात होता. त्याने स्वतःच्या घराचा तक्ता भरून आणला आणि तो मला दाखवताना थोडा घुटमळला. त्याची आत्या तीस वर्षांपासून त्यांच्या पडवीत राहते. लग्न होऊन दीड वर्षात परत आलेली. चूल वेगळी, भावजयीचे आणि तिचे पटत नाही. शेतात राबते, पोरांचे दुखले-खुपले काढते. कार्डावर तिचे नाव नाही, उताऱ्यावर नाही. हक्कसोडपत्र तिनेही केले आहे. सुतक मात्र ती सासरचे धरते, कारण लग्नाने ती तिकडची झाली. पाचही रकान्यांत तिला जागा नव्हती, म्हणून त्याने तिला तक्त्यात घेतलेच नव्हते. 'मॅडम, ती आमच्यातलीच आहे, पण कुठं लिहू?' त्याने विचारले. मी म्हटले, तिलाच विचारून ये.

दुसऱ्या दिवशी त्याने वेगळा, कोरा तक्ता मागून घेतला. त्यावर घर क्रमांक नवा होता, एकूण माणसे एक. प्रमुखाचे नाव म्हणून आत्याने स्वतःचे पहिले नाव सांगितले होते. मधल्या नावाच्या जागी बापाचे घालू की नवऱ्याचे, असे त्याने विचारले, तेव्हा ती चुलीत फुंकर घालीत होती आणि तिने उत्तर दिले नाही. ती जागा त्याने मोकळी ठेवली आहे. तक्ता विभागाच्या कपाटात बाकीच्यांबरोबर आहे. त्या महिन्यात तहसील कचेरीत स्वतंत्र कार्डासाठी अर्ज देण्यास तो तिच्याबरोबर गेला. पत्त्याचा पुरावा म्हणून भावाची घरपट्टी आणि भावाचे संमतिपत्र मागितले आहे, असे त्याने मला सांगितले.